ओव्हनमधलं रसाळ चिकन ब्रेस्ट आणि अक्रोडाचा सॉस

कवळी बसवल्यानंतर आई जेवताना फारसं बोलत नसे. एका रात्री ताटं उचलताना तिच्या ताटात, उरलेल्या भाताखाली सरकवलेले चिकनचे चार-पाच गोळे दिसले. चघळून चघळून रस गेलेले, पांढरे, सुताच्या गुंत्यासारखे. चिकन मीच केलं होतं. ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं ठेवलं होतं, कच्चं राहू नये म्हणून, आणि वरून सढळ हाताने दाट सॉस ओतला होता. सॉसचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. आईनेही केलं होतं.

त्या दिवसापासून मी हा पदार्थ उलट्या बाजूने शिकले. आधी मांस, मग सॉस. सॉस कितीही छान झाला तरी कोरड्या तुकड्याच्या आत तो शिरत नाही, बाहेरूनच ओघळून जातो. पण मांस नीट शिजलं तर त्यातून दोन-तीन चमचे रस सुटतो, आणि तो रस अक्रोडाच्या सॉसमध्ये गेला की दोन वेगळे पदार्थ एक होतात. खाली जे सगळं सांगतेय ते त्या दोन-तीन चमच्यांसाठी आहे, असं समजलात तरी चालेल.

चौघांसाठी लागेल ते आधी सांगून टाकते. बिनहाडाचे, बिनकातडीचे चार चिकन ब्रेस्ट, प्रत्येकी २०० ते २२५ ग्रॅम. बारीक मीठ, एक मोठा चमचा तेल, ताजी कुटलेली मिरी. सॉससाठी १०० ग्रॅम अक्रोडाचा गर, लसणाचा एक अख्खा गड्डा आणि वर एक कच्ची पाकळी, एक मध्यम कांदा, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा धणे, पाव चमचा तिखट, साधारण २५० मिलिलिटर अळणी चिकन स्टॉक, आणि एका लिंबाचा रस. स्टॉक नसेल तर गरम पाणी घ्या. खारट चौकोनी वड्या विरघळवून केलेला स्टॉक मात्र टाळा. सॉस आटतो तसा त्यातला खारटपणा वाढत जातो आणि मग काही करता येत नाही.

ब्रेस्ट कोरडं का होतं

हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबते.

ब्रेस्ट म्हणजे पंख हलवणारा स्नायू. पाळीव कोंबडी फारशी उडत नाही, त्यामुळे या स्नायूला सतत प्राणवायूचा साठा लागत नाही, आणि तो साठा धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे लालसर प्रथिन त्यात कमी असतं. म्हणून हे मांस पांढरं. कातडी काढली की चरबीही नावापुरतीच उरते. आणि महत्त्वाचं म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेनही इथे कमी. मांडीच्या तुकड्यात ते भरपूर असतं, हळूहळू विरघळतं, म्हणून मांडी जास्त वेळ शिजवली तर अधिक मऊ होते. हाच नियम आपण नकळत ब्रेस्टला लावतो आणि फसतो. ब्रेस्टमध्ये विरघळायला फारसं काही नसतंच. जास्त शिजवाल तेवढं ते आवळत जातं.

मांसाच्या तंतूंमधली प्रथिनं साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आवळायला लागतात. तिथून पुढे ६५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात दुसरं एक प्रथिन, अ‍ॅक्टिन, घट्ट होतं आणि तंतू ओला कपडा पिळावा तसे पाणी बाहेर टाकतात. ८० अंशांपुढे गेलेलं ब्रेस्ट कुठल्याही सॉसने परत येत नाही. आणि अडचण अशी की सुरक्षित खाण्यासाठीचा ७४ अंशांचा आकडा याच पट्ट्यात पडतो. म्हणजे आपल्याला त्या आकड्यापर्यंत पोचायचंय आणि तिथेच थांबायचंय. मोकळी जागा फार थोडी आहे. मीठ ती जागा थोडी वाढवतं, तुकड्याची सारखी जाडी ती वाढवते, आणि थर्मामीटर आपण कुठे आहोत ते सांगतो.

तुकडे निवडणं

मोठे ब्रेस्ट दिसायला छान वाटतात, पण मी घेत नाही. झपाट्याने वाढवलेल्या जड कोंबड्यांच्या छातीत कधीकधी लाकडासारखा कडक भाग तयार होतो. बोटाने दाबलं की तुकडा मऊ न लागता टणक लागतो, आणि वर तंतूंच्या दिशेने पांढऱ्या रेघा दिसतात. असा तुकडा तापमान अगदी बरोबर सांभाळलं तरी खाताना करकरीत, रबरासारखा लागतो. मला हे कळायच्या आधी असे बरेच तुकडे मी स्वतःचीच चूक समजून गिळले आहेत. २००-२२५ ग्रॅमचा, दाबल्यावर लवणारा तुकडा घ्या.

ब्रेस्टच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची एक वेगळी पट्टी चिकटलेली असते. ती ओढून सुटी करा. ती पातळ असते, मोठ्या तुकड्याच्या निम्म्या वेळात शिजते. तिच्यातून जाणारी पांढरी शीर सुरीने खरवडून ओढली की निघून येते.

चिकन धुवू नका. नळाखाली धरलं की पाण्याचे तुषार सिंकभर, ओट्यावर, वाळत घातलेल्या ताटांवर उडतात आणि कच्च्या चिकनमधले जंतू त्यांच्याबरोबर जातात. धुऊन ते मरत नाहीत, शिजवून मरतात. मला ही सवय सोडायला वेळ लागला, कारण आई कायम धुवायची आणि तिच्या हाताखालीच मी शिकले. आता कागदी रुमालाने चारही बाजूंनी टिपून घेते, रुमाल लगेच कचऱ्यात, हात साबणाने स्वच्छ.

ठोकणं आणि मीठ

ब्रेस्टचा एक टोकाचा भाग जाड, दुसरा निमुळता. तसाच ओव्हनमध्ये घातला तर जाड भाग होईपर्यंत निमुळत्याचा भुगा होतो. तुकडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवा आणि लाटण्याने फक्त जाड बाजूला हलके ठोके द्या, मधून बाहेरच्या दिशेने. सपाट करायचं नाही, सारखं करायचं. सगळीकडे साधारण अडीच सेंटिमीटर. जोरात मारलं तर तंतू फाटतात आणि कडा लोंबायला लागतात. चार तुकड्यांना मला पाच मिनिटं लागतात, आणि या सगळ्या कृतीत सर्वांत जास्त फळ देणारी पाच मिनिटं हीच आहेत.

मग मीठ. अंदाजाने नको, वजनाने घाला: मांसाच्या वजनाच्या एक टक्का. चार तुकडे मिळून ८५० ग्रॅम असतील तर साडेआठ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा साधारण दीड सपाट छोटा चमचा. दोन्ही बाजूंना सारखं चोळा, ताटलीत एकेरी मांडा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वर पाण्याचे थेंब उभे राहतात. ते पाहून मीठ लावून चूक केली असं वाटतं. तसंच राहू द्या. थोड्या वेळाने ते खारट पाणी परत आत जातं आणि मीठ प्रथिनांना सैल करतं, मग तीच प्रथिनं तापल्यावर कमी आवळतात आणि पाणी जास्त धरून ठेवतात. तासाभरात फरक पडायला लागतो, आठ तासांत चांगला पडतो, आणि चोवीस तासांपर्यंत ठेवायला हरकत नाही. मी सकाळी लावते आणि रात्री भाजते.

एवढा वेळ नसेल तर एक लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे पाऊण तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवा, मग काढून टिपा आणि वेगळं मीठ लावू नका. कोरडं मीठ मला जास्त आवडतं, कारण त्यात बाहेरचं पाणी आत शिरत नाही आणि चिकनची चव पातळ होत नाही. आणखी एक गोष्ट बघा: काही पाकिटबंद चिकनमध्ये मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर मीठ निम्मं करा.

लसूण आणि अक्रोड आधी

सॉससाठीचं भाजणं चिकनच्या आधी उरकून घ्या, म्हणजे ओव्हन एकदाच तापवावा लागतो. ओव्हन १८० अंशांवर लावा. लसणाच्या गड्ड्याचा वरचा सेंटिमीटरभर भाग कापून पाकळ्यांची तोंडं उघडी करा, त्यावर तेलाचे दोन थेंब, फॉइलमध्ये गुंडाळा आणि चाळीस मिनिटं आत ठेवा. शेवटची आठ मिनिटं उरली की अक्रोड एका ताटलीत एकेरी पसरून त्याच्या शेजारी सरकवा.

अक्रोड आत टाकण्याआधी एक चावून बघा. दर वेळी, पाकीट नवं असलं तरी. अक्रोडात तेल भरपूर, वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त, आणि ते तेल हवा-उजेडात लवकर खवट होतं. खवट अक्रोडाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो आणि जिभेच्या मागे तो बराच वेळ राहतो. भाजून तो जात नाही, लिंबाने झाकत नाही. आणल्याबरोबर मी अक्रोड घट्ट डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवते, तिथे महिनोन्महिने चांगले राहतात.

आठ मिनिटांनी वास स्वयंपाकघरात पसरला की काढा. आतून फिकट सोनेरी झाले पाहिजेत. बाहेर काढल्यावरही त्यांच्यातल्या तेलाच्या उष्णतेने ते भाजले जात राहतात, म्हणून मनासारखे दिसायच्या जरा आधीच काढायचे आणि दुसऱ्या गार ताटलीत ओतायचे.

आता ज्या कामाचा लोकांना कंटाळा येतो ते. गरम अक्रोड जाडसर सुती फडक्यात ओता, पुरचुंडी करा आणि दोन्ही तळव्यांमध्ये मिनिटभर चोळा, कणीक मळताना गोळा फिरवतो तसं. उघडलं की फडक्यावर तपकिरी पापुद्र्यांचा चुरा पडलेला दिसेल आणि अक्रोडाच्या घड्यांमधून हस्तिदंती रंग डोकावेल. सगळी सालं निघत नाहीत, खोलगट भागात राहतातच, राहू द्या. निम्मी गेली तरी पुष्कळ. अक्रोडाचा तुरटपणा बहुतेक या सालातल्या टॅनिनमुळे असतो, आणि सॉसला कधीकधी जांभळट-करडी छटा येते तीही सालांमुळेच. चोळून झालं की फडकं सिंकमध्ये झटका, जमिनीवर नको. तो चुरा कोपऱ्याकोपऱ्यांत जातो.

अक्रोडाऐवजी दुसरं काही चालेल का? चालेल, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. बदाम सौम्य आणि जरा रवाळ राहतो. सोलून घ्या आणि वाटायला दुप्पट वेळ द्या. काजूत स्टार्च बराच असतो, त्यामुळे सॉस तापला की घट्ट होत जातो. स्टॉक थोडा जास्त हाताशी ठेवा आणि लिंबू वाढवा, नाहीतर गोडसर लागतो. शेंगदाणा स्वतःची चव सगळ्यांवर चढवतो. तो घेतलात तर भाजलेला लसूण कमी करून तिखट वाढवा. मी अक्रोडाकडेच परत येते, कारण त्याचा किंचित कडवटपणा चिकनच्या साधेपणाला आधार देतो.

चिकन भाजणं

लसूण-अक्रोड बाहेर आले की ओव्हन २२० अंशांवर न्या. पंखा चालू असेल तर २०० पुरतात. आतला दिवा किंवा खूण ओव्हन तयार असल्याचं सांगते तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती नाही. दार उघडलं की ती हवा बाहेर पडते आणि तापमान धाडकन खाली येतं. म्हणून खुणेनंतर आणखी दहा मिनिटं जाऊ द्या.

चिकन पुन्हा एकदा टिपून कोरडं करा, कारण वरचं पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभागावर रंग चढत नाही. तेल आणि मिरी चोळा. कमी काठाच्या धातूच्या ट्रेमध्ये मांडा, तुकड्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवून. खोल काचेच्या भांड्यात दाटीवाटीने ठेवलेत तर ते स्वतःच्या वाफेत शिजतात आणि वरून पांढरे, ओलसर दिसतात.

अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला सोळा ते वीस मिनिटं लागतात. पण घड्याळावर विश्वास टाकू नका. प्रत्येक ओव्हन वेगळा, प्रत्येक तुकडा वेगळा. चौदाव्या मिनिटाला पहिल्यांदा मोजा. सुट्या पट्ट्या आठव्या-नवव्या मिनिटालाच तपासा, त्या लवकर होतात.

थर्मामीटर बाजूने, आडवा खुपसा, सर्वांत जाड भागात, टोक बरोबर मध्यावर येईल असा. वरून खुपसला तर टोक पलीकडे जाऊन ट्रेला टेकतं आणि आकडा खोटा येतो. टोक हळूहळू मागेपुढे करून दिसेल तो सर्वांत कमी आकडा खरा धरा. थर्मामीटर बरोबर आहे का ते कधीतरी बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा. शून्य दाखवायला हवं. माझा पहिला थर्मामीटर तीन अंश जास्त दाखवायचा, आणि कित्येक आठवडे मी चिकन सांगितल्यापेक्षा आधी काढत होते याचा मला पत्ताच नव्हता.

मी ७१ अंशांना काढते. बाहेर काढल्यावर वरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. ७४ अंशांना चिकनमधले साल्मोनेलासारखे जंतू तत्क्षणी मरतात. त्याहून कमी तापमानातही मरतात, पण तिथे वेळ द्यावा लागतो, ६६ अंशांना जवळपास तीन मिनिटं. काही जण त्या हिशेबाने आणखी आधी काढतात. मी तसं करत नाही. आई सत्तरीच्या पुढची आहे. वयस्कर माणूस, लहान मूल, गरोदर बाई, आजारातून उठलेलं कुणी ताटावर असेल तर थर्मामीटर पुन्हा घालून ७४ आकडा डोळ्यांनी पाहा. चढला नाही तर दोन मिनिटं परत आत. आधीपासून मीठ लावलेलं, सारख्या जाडीचं ब्रेस्ट ७४ ला रसाळच असतं. कोरडं होतं ते ८० आणि ८५ ला.

रंगावरून ठरवू नका. पूर्ण शिजलेलं मांसही कधी गुलाबीसर दिसतं आणि न शिजलेलं पांढरं. थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरीने छेद देऊन मधोमध बघा: मांस कुठेही अर्धपारदर्शक, जेलीसारखं चकाकणारं नको, तंतू सुटे दिसायला हवेत. पण हा दुसऱ्या दर्जाचा उपाय आहे. स्वयंपाकघरात एकच नवी वस्तू घेणार असाल तर थर्मामीटर घ्या.

तुकडे काठ असलेल्या कोमट ताटलीत काढा आणि फॉइल सैलसर झाका, घट्ट नको. सात-आठ मिनिटं. या वेळात ताटलीत रस साठतो. फिकट सोनेरी, बोटाला किंचित चिकट. तो सांडू नका.

एकदा पाहुणे उशिरा आले म्हणून गरम राहावं या हेतूने मी सगळं चिकन बंद केलेल्या ओव्हनमध्येच ठेवून दिलं. अर्ध्या तासाने काढलं तेव्हा ८३ अंश होतं. ओव्हन बंद केला तरी त्याच्या भिंती शिजवत राहतात. आता पाहुणे दारात आल्यावरच चिकन आत जातं; वीस मिनिटं गप्पा होतात तोवर.

सॉस

चिकन ओव्हनमध्ये असताना सॉस होतो. बारीक चिरलेला कांदा ऑलिव्ह तेलात मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून, बारा-एक मिनिटं परता. लाल करायचा नाही, काचेसारखा आणि मऊ करायचा. शेवटच्या मिनिटाला धणे जाडसर कुटून आणि तिखट घाला, वास सुटला की आच बंद.

चार अक्रोड वाढताना चुरायला राखून ठेवा. बाकीचे मिक्सरच्या लहान भांड्यात आधी एकटेच, थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून तळाशी लगदा बसतो आणि वर तुकडे तसेच राहतात. रवाळ भुगा झाला की कांदा घाला, भाजलेला लसूण गड्डा दाबून बाहेर काढा (पाकळ्या लोण्यासारख्या सरकत येतात) आणि कच्च्या पाकळीचा अर्धा भाग. भाजलेला लसूण गोडवा देतो, कच्चा धार देतो. दोन्ही हवेत, पण कच्चा अर्ध्या पाकळीहून जास्त नको.

आता कडकडीत नाही पण चांगला गरम स्टॉक, एका वेळी दोन मोठे चमचे. इथे घाबरायला होतं. पहिले चार चमचे घातल्यावर सॉस पातळ होण्याऐवजी आवळून गोळा होतो, फिक्का पडतो, पात्यांना चिकटून बसतो. बिघडलं असं समजून पुष्कळ जण इथे एकदम वाटीभर पाणी ओततात आणि मग तो फुटतो. तसं करू नका. अक्रोडाच्या तेलात पाणी मिसळताना आधी कण एकमेकांना चिकटतात, आणि पुरेसं पाणी झालं की अचानक सैल होऊन साय यावी तसे गुळगुळीत होतात. आणखी दोन चमचे, फिरवा. आणखी दोन, फिरवा. मिक्सरचा आवाज बदलतो. घरघर जाऊन चुबुक-चुबुक सुरू होतं, तेव्हा झालं. मला साधारण २०० मिलिलिटर लागतो. पळीतून पडताना तुटक न पडता सलग पट्टा पडला पाहिजे. थोडा रवाळपणा राहिला तर चांगलंच. गाळून घेण्याच्या मी विरुद्ध आहे, गाळणीत अक्रोडच मागे राहतो.

हे सगळं लहान पातेल्यात काढा आणि अगदी मंद आचेवर, ढवळत, फक्त गरम करा. उकळी आली की तेल वेगळं होऊन कडेला दिसायला लागतं. आच बंद करा, आणि आता चिकनच्या ताटलीतला सगळा रस यात ओता. त्या आधी एक थेंब सॉस चाखा, ओतल्यावर पुन्हा चाखा. हा फरक सांगून कळत नाही. आधीचा सॉस अक्रोडाचा, छान पण परका. नंतरचा त्या चिकनचा. शेवटी लिंबू, अर्ध्यापासून सुरुवात करून. मीठ अगदी शेवटी, कारण रसातून ते आलेलंच असतं.

फुटला तर गरम पाण्याचा एक चमचा घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा जुळून येतो. तुरट वाटला तर चिमूटभर मीठ आणि थोडं तेल. थांबला की सॉस घट्ट होतो, म्हणून ताटात वाढायच्या वेळी हवा त्याहून जरा पातळच ठेवा.

एक गोष्ट पाहुण्यांना आधी विचाराच: अक्रोड, बदाम, काजू किंवा शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे का? एकदा मैत्रिणीने दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या विचारलं, "सुकामेवा आहे का कशात? याला चालत नाही," आणि तिच्या मुलाचा हात धरून ती तिथेच उभी राहिली. तोवर मी अक्रोडाच्या हातांनी सगळं हाताळलं होतं. त्या मुलाला मी वेगळ्या भांड्यात, हात धुऊन, अंडी करून दिली. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि त्याला चमचा, पाटा, मिक्सरच्या झाकणाचं रबर एवढंही पुरतं. ताटात सॉस बाजूला वाढला म्हणजे झालं, असं नाही.

कापणं आणि वाढणं

ब्रेस्टवर नीट पाहिलं तर तंतूंच्या बारीक रेषा एका दिशेने जाताना दिसतात, बहुतेक लांबीला जराशा तिरप्या. सुरी त्या रेषांना आडवी घाला, किंचित तिरकी धरून, बोटाच्या पेराएवढ्या जाडीचे काप. आडवं कापलं की प्रत्येक घासात तंतू आखूड असतात आणि दातांना ते तोडावे लागत नाहीत. लांबीने कापलेलं तेच चिकन आईला चावत नव्हतं, आडवं कापलेलं चावतं. ती म्हणाली, "हे वेगळं आणलंस का?" तोच तुकडा होता, निम्मा असा कापलेला, निम्मा तसा.

सॉस ताटात आधी, त्यावर काप. वरून ओतला तर भाजलेला रंग आणि मिरी त्याखाली मऊ पडतात. वरून फार तर एक चमचा, आणि राखून ठेवलेले चार अक्रोड हाताने चुरून. सोबत साधा भात, उकडलेला बटाटा किंवा भाजलेला पाव, जे सॉस पुसून घेईल ते. मसालेदार काही शेजारी नको.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, चिकन आणि सॉस वेगळ्या डब्यांत, चिकन न कापता. तीन दिवसांत संपवा. सॉस गार झाला की चमचा उभा राहील इतका घट्ट होतो. गरम पाण्याने पुन्हा सैल करा. चिकन मी परत तापवत नाही, कारण तापवलं की सांभाळलेला रस जातो. गारच पातळ कापते आणि फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेल्या सॉसबरोबर पावावर ठेवते. तापवायचंच असेल तर काप सैल केलेल्या सॉसमध्ये बुडवून, झाकण ठेवून, मंद आचेवर, थर्मामीटर ७४ दाखवेपर्यंत, आणि एकदाच.